‘अहो’ म्हणायचं नाही

प्रांताच्या क्रिकेट संघात नव्याने निवडून आलेल्या खेळाडूला पहिल्या दिवशी तीन नियम सांगितले जायचे. बूट खोलीबाहेर झटकायचे. रोलरवर बसायचं नाही. आणि घरच्या मैदानावर बॅटिंग करताना स्टँडमधून बाईच्या आवाजात ‘हो’ ऐकू आलं, तर पळायचं नाही.

पहिले दोन नियम नवे खेळाडू मुकाट मान्य करत. तिसऱ्याला हमखास हसत. मग एखादा जुना खेळाडू पॅडचा पट्टा आवळता आवळता म्हणे, "हसू नकोस. त्यात आपला कॅप्टन गेलाय. अठ्ठ्याऐंशीवर."

त्या आवाजाची मालकीण मैदानामागच्या लाँड्रीत काउंटरवर बसायची. सगळा संघ तिला वहिनी म्हणायचा, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. आणि तिच्या नवऱ्याला संघ म्हणायचा ‘जवळजवळ’. ते का, ते ओघाने येईलच. सतरा वर्षं तो प्रांताकडून चार-चार दिवसांचे सामने खेळला. पाचव्या नंबरचा बॅट्समन. पेपरात खेळाच्या पानावर अगदी तळाशी बारीक अक्षरात आकडे छापतात ना, जे चष्मा पुसून वाचावे लागतात? त्या बारीक अक्षरात तो सतरा वर्षं सुखाने राहिला.

त्याच्या वडिलांचं काचेचं दुकान होतं. लोकांच्या खिडक्यांना काचा बसवून द्यायचे. अशा घरात क्रिकेटवेडा मुलगा जन्माला यावा, ही देवाचीच गंमत. मुलाने गल्लीत चेंडू टोलवला की कुणाची तरी काच खळकन फुटायची आणि ती बसवायला वडील जायचे. तिसऱ्या काचेला शेजारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बापलेकांनी धंदा बरा काढलाय की! एकाने फोडायच्या, एकाने बसवायच्या!"

वडील मानी. हे बोलणं त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी मुलाला समोर उभं केलं आणि म्हणाले, "खेळू नको म्हणत नाही. पण आजपासून चेंडू जमिनीवरून गेला पाहिजे. उडालेला दिसला तर बॅटचे दोन तुकडे करीन."

मुलाने तो शब्द असा पाळला की उभ्या कारकिर्दीत त्याने फक्त तीन सिक्सर मारल्या. त्यातल्या दोन बॅटची कड लागून चुकून गेल्या. तिसरी मनापासून मारली, पण चेंडू हवेत असताना त्याने आधी क्लब हाउसच्या खिडक्यांकडे बघितलं.

आता जमिनीवरून खेळणाऱ्याला धावा पळूनच काढाव्या लागतात. एक, दोन, एक, एक, पुन्हा दोन. आणि पळायचं तर दोघांनी मिळून. म्हणून हाक लागते. चेंडू समोर गेला तर मारणाऱ्याने हाक द्यायची, मागे गेला तर पलीकडच्याने. ‘हो’ म्हणजे ये. ‘नको’ म्हणजे जागचा हलू नकोस. एवढ्या दोन शब्दांवर सगळा संसार. आणि त्याचा ‘हो’ मोठा खणखणीत होता. वीज कंपनीने त्याला खेळाडू म्हणून नोकरी दिली ती तक्रार खिडकीवर, तिथे तर दिवसभर तेच. "आमच्या घरी वीज नाही." "हो, लिहून घेतलं." "कालही लिहून घेतलं होतं." "हो, तेही लिहून घेतलं." सामने नसतील तेव्हा तो खिडकीमागे आणि सामने असतील तेव्हा मैदानात, पण तोंडात शब्द एकच.

वहिनीची आणि त्याची ओळख झाली ती डागांवरून. तेव्हा ती लाँड्रीत नवीन लागली होती. लाँड्रीत सगळी ओळख कपड्यांवरून. कपडा आला की काउंटरवर त्याला नावाची कापडी चिठ्ठी टाचायची, आणि धुऊन आला की नाव पुकारायचं. आत मशिनं धडधडत असायची, वाफ फुसफुसत असायची, त्यामुळे पुकारायचं म्हणजे पोटातून. हिचा आवाज तर असा की रस्त्यापलीकडे उभा असलेला माणूसही आपलं नाव ऐकून लाँड्रीकडे चालू लागे, आणि आत आल्यावर त्याच्या लक्षात येई की आपण कपडे टाकलेच नव्हते.

दर सोमवारी हा पांढरा शर्ट आणि पांढरी पँट घेऊन यायचा. तिने पहिल्यांदा पँट उलगडली आणि विचारलं, "हा हिरवा कसला?"

"गवताचा."

"आणि हा लाल?"

"चेंडूचा."

"आणि हे छातीवर? शर्टाने मैदान पुसून काढता काय?"

तो लाजला. "रन-आउट होतोय असं वाटलं की झेप घेतो."

"मग? वाचता?"

"कधी कधी."

महिन्याभरात तिला डाग वाचता यायला लागले. गुडघ्याला हिरवं असेल तर फिल्डिंग झाली. कोपर सोललं असेल तर वाचला. नुसतीच छाती माखलेली असेल तर गेला बिचारा. सोमवारी तो दारात दिसला की ती पँट हातात घ्यायच्या आधीच म्हणायची, "गेलात ना?" आणि दोन दिवसांनी पँट तयार झाली की सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी त्याचं नाव पुकारायची. इतक्या मोठ्याने की तो म्हणे, स्कोअरबोर्डवरसुद्धा माझं नाव एवढं मोठं कधी लागलं नाही. तो हाक संपेपर्यंत मुद्दाम दाराबाहेर थांबायचा, हे तिला पुष्कळ नंतर कळलं.

मग लग्न झालं आणि ते नाव बंद झालं. सासूबाई जुन्या वळणाच्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, एकेरी तर त्याहून नाही. वहिनीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या आईनेही जन्मभर ‘अहो’वरच भागवलं होतं. लाँड्रीत त्याच्या कपड्यांवर ती चिठ्ठी टाचायची तीसुद्धा ‘ह्यांचे’ एवढंच लिहून. धुलाईवाल्याने एकदा विचारलंही, "हे ‘ह्यांचे’ कोण? मोठं गिऱ्हाईक दिसतंय."

लग्नाला दोन महिने झाले असतील. सकाळी घरच्याच मैदानावर सामना होता. तो घाईघाईत निघून गेला आणि थोड्या वेळाने सासूबाई दोरीवरचे कपडे काढायला गेल्या, तर त्यांच्या हाती एक वस्तू लागली. वाटीसारखी, कडक, कडेला रबर.

"अगं, हे भांडं दोरीवर कुणी वाळत घातलं?"

वहिनीने बघितलं आणि तिचे कान तापले. बॅट्समन पँटच्या आत, अगदी नाजूक जागी बसवतात तो गार्ड होता तो. दोन गोष्टींची नावं ती घेत नव्हती. एक नवऱ्याचं आणि दुसरं त्या वस्तूचं.

"भांडं नाही ते, सासूबाई. ह्यांचं आहे. खेळायला लागतं. चेंडू लागू नये म्हणून."

"कुठे लागू नये म्हणून?"

"...सगळीकडेच."

सासूबाईंनी वस्तू उलटसुलट करून बघितली आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "मग इथे उभी काय राहिलीस? पळ! मला नातवंडं बघायचीत!"

वहिनी पिशवी छातीशी धरून मैदानात पोचली तेव्हा हा खेळपट्टीवर उभा होता आणि समोरून एक ताडमाड बॉलर धावत येत होता. नवऱ्याने कुणाचा तरी गार्ड मागून घेतला असेल हे तिच्या मनातही आलं नाही. तिला दिसत होता तो उघड्यावर पडलेला संसार. चेंडू पडला, त्याने तो हलकेच पुढे ढकलला, आणि मैदानाच्या कडेला सीमेच्या दोरीपाशी उभं राहून तिने लाँड्रीच्या आवाजात हाक मारली:

"अहोऽऽ!"

पलीकडच्या टोकाला कॅप्टन होता. अठ्ठ्याऐंशीवर. त्याला ‘अ’ ऐकूच आला नाही. ऐकू आला तो खणखणीत ‘हो’, आणि कॅप्टनने धूम ठोकली. अर्ध्या वाटेत त्याला दिसलं की जवळजवळ जागचा हललेला नाही, उलट स्टँडकडे तोंड करून उभा आहे. कॅप्टन वळेवळेपर्यंत यष्ट्या उडाल्या होत्या.

"हो कोण म्हणालं?" कॅप्टन भर मैदानात ओरडला.

"मी नाही."

"मग कोण, माझी आत्या?"

"मी," दोरीपासून बारीक आवाज आला. "पण मी हो नाही म्हणाले. अहो म्हणाले."

अंपायरने तोंडावर टोपी धरली. खांदे हलत होते, म्हणून हसत होता असं कळलं. कॅप्टन दोरीपाशी आला आणि म्हणाला, "वहिनी, एवढी बोंब कशासाठी?" तिने पिशवी पुढे केली. कॅप्टनने आत डोकावून बघितलं, पिशवी बंद केली आणि पॅव्हेलियनमध्ये निघून गेला. तिसरा नियम त्याच संध्याकाळी झाला.

त्यानंतर वहिनी मैदानात फारशी जात नसे, आणि गेली तर तोंडात रुमालाचं टोक धरून बसे. हाक मारायची वेळ आलीच तर काय करावं, याचेही प्रयोग झाले. ‘ऐकलंत का’ म्हटलं तर एकदम तिघे वळले, त्यांच्याही बायका तसंच म्हणायच्या. टाळी वाजवली तर लोकांना वाटलं बॉलरला शाबासकी देतेय. शेवटी तिने तो नाद सोडला. बोलायचं ते घरी.

आता ‘जवळजवळ’ हे नाव. झालं असं की त्याचं शतकच होईना. सतरा वर्षांत एकशे अठरा सामने, सहा हजाराला थोड्या कमी धावा, एकेचाळीस वेळा पन्नाशी. पण शंभर? एकदाही नाही. सहा वेळा तो नव्वदीत पोचला. एकदा बाकीचे सगळे बाद झाले आणि हा शहाण्णववर उभा राहिला. एकदा चेंडू पायाला लागून पायचीत झाला. आणि चार वेळा रन-आउट. त्र्याण्णव, सत्त्याण्णव, पंच्याण्णव, नव्याण्णव. पहिल्या वेळी सगळ्यांना वाईट वाटलं, दुसऱ्या वेळी वाटलं काय नशीब, तिसऱ्या वेळी खोलीत कुणीतरी म्हणालं, "झालंच होतं जवळजवळ," आणि ते चिकटलं.

कारण फक्त वहिनीला ठाऊक होतं. एका सोमवारी ती छातीवरचा डाग घासत असताना तो काउंटरला टेकून हळूच म्हणाला होता, "नव्वद झाले की माझा आवाज बसतो."

"म्हणजे?"

"हो म्हणायला जातो, तोंड उघडतं, आवाजच येत नाही. समोरचा वाट बघत राहतो. मी पळतो, तो उभा. तो पळतो, मी उभा."

ती त्याला घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा बघितला, "आ करा," म्हणाले, मग म्हणाले, "शंभरपर्यंत आकडे म्हणा बघू."

हा एकपासून सुरू झाला. बाहेर पेशंट ताटकळलेले. ऐंशी, एक्क्याऐंशी... वहिनीने पर्सचा बंद मुठीत आवळला. नव्वद, एक्याण्णव, ब्याण्णव... अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर. अगदी रेडिओवरच्या बातम्यांसारखं.

"घसा ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले.

"इथे आहे हो," तो म्हणाला. "मैदानात नसतो."

"मग मैदानाला घेऊन या," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दाराशी येईपर्यंत दोघंही गंभीर होते. मग वहिनीच्या तोंडून "शंभर तर झाले एकदाचे" असं निघून गेलं, आणि जिन्यात दोघं इतके हसले की खालून वर येणारा एक म्हातारा कठडा धरून बाजूला उभा राहिला.

हसण्यावारी नेलं तरी वहिनीच्या मनातून ते जात नव्हतं. रोज सकाळी देवापुढे हात जोडताना ती बाकी सगळ्यांसाठी सुख-समाधान मागायची आणि नवऱ्यासाठी एक शब्द. "फार नको," ती म्हणायची. "नुसता एक हो."

वर्षं अशीच गेली. कॅप्टन खेळायचा थांबला आणि निवड समितीचा अध्यक्ष झाला, तरी सगळे त्याला कॅप्टनच म्हणत. जवळजवळचे केस कानापाशी पांढरे झाले. पूर्वी दोन काढायच्या तिथे तो एक काढू लागला, एक काढायची तिथे चेंडूकडे नुसतं मायेने बघू लागला. त्या वर्षीच्या शेवटच्या सामन्याआधी कॅप्टन स्वतः वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर रांगेत येऊन उभा राहिला. नंबर आल्यावर म्हणाला, "पुढच्या वर्षी आम्ही तरुण मुलगा घेतोय. हा सामना तुझा."

"हो," जवळजवळ म्हणाला. "लिहून घेतलं."

घरी येऊन त्याने हे सांगितलं आणि जेवून उठला. वहिनीने एवढंच विचारलं, "किती डाव मिळतील?"

"झाले तर दोन. पहिल्यात काही झालं नाही तर दुसरा."

पहिल्या डावात तो चार धावांवर गेला. म्हणजे उरला एकच. तिसऱ्या दिवशी दुपारी लाँड्रीतल्या धुलाईवाल्याला बातमी लागली की जवळजवळ त्र्याहत्तरवर खेळतोय, आणि आठ गडी बाद झालेत. वहिनीने हातातली चिठ्ठी खाली ठेवली, काउंटरवर ‘लगेच येते’ची पाटी लावली, घरी जाऊन सासूबाईंना उचललं आणि मैदान गाठलं. वाटेत तिने देवाला वचन दिलं. नीट, शब्द मोजून. "देवा, त्यांचं शंभर होऊ दे. मी मैदानात ‘अहो’ म्हणणार नाही. जीव गेला तरी म्हणणार नाही."

सासूबाईंना आता कमी दिसायचं, पण उत्साह दांडगा. "तो पांढऱ्या कोटातला कोण? कंपाउंडर?"

"अंपायर आहे, सासूबाई."

"मग आपल्याकडे बघून हसतोय का?"

अंपायर तोच होता, टोपीवाला. सतरा वर्षांत त्याचेही केस गेले होते. त्याने वहिनीला ओळखलं आणि हाताने तोंडाला कुलूप लावल्याची खूण केली. वहिनीने रुमालाचं टोक दातात धरलं.

जवळजवळ ब्याण्णववर असताना नववा गडी पडला. आता शेवटचा खेळाडू यायचा. त्याला संघात ‘पाहुणा’ म्हणत, कारण तो खेळपट्टीवर येई, इकडेतिकडे बघे, सगळ्यांची विचारपूस करे आणि निघून जाई. जन्मात त्याने कधी दहा धावा केल्या नव्हत्या. तो ग्लोव्ह्ज चढवत दोरीपाशी आला तेव्हा सगळा संघ त्याच्या मागे लागला होता. "स्टँडमध्ये वहिनी आल्यात. हो ऐकू आलं तर पळायचं नाही. काय करायचं नाही?"

"पळायचं नाही," पाहुणा म्हणाला.

"अजिबात?"

"अहो, अजिबात!"

"‘अहो’ म्हणू नकोस रे!" सगळे एकदम ओरडले.

जवळजवळने दोन काढल्या. त्या गप्प राहूनच निघाल्या, कारण चेंडू लांब गेला होता आणि पाहुणा आपला आपण पळत सुटला होता. चौऱ्याण्णव. मग एक चेंडू जमिनीला चिकटून दोन फिल्डरांच्या मधून सीमेपार गेला. अठ्ठ्याण्णव. पुढचा बॅटची कड घेऊन मागे गेला, म्हणजे हाक पाहुण्याची. "हो हो हो हो हो!" पाहुण्याने एका धावेला पाच हो लावले. नव्याण्णव.

ओव्हरचा शेवटचा चेंडू पाहुण्याला खेळायचा होता. त्याने डोळे मिटून बॅट पुढे केली आणि चेंडू आपणहून येऊन तिला लागला. मैदानात एवढ्या टाळ्या झाल्या की पाहुण्याने बॅट वर केली.

नव्या ओव्हरला समोर जवळजवळ. सगळे फिल्डर आवळून जवळ आले. पहिला चेंडू त्याने अडवला. दुसरा अडवला. वहिनीला लांबूनही दिसत होतं, तो ओठ ओला करत होता. घसा बसला होता.

"किती झाले?" सासूबाईंनी विचारलं.

वहिनीने बोटांनी दाखवायचा प्रयत्न केला. नव्याण्णव दाखवायला बोटं पुरेनात.

तिसरा चेंडू त्याने उजवीकडे ढकलला. छान, जमिनीवरून, वडिलांच्या शब्दातला. फिल्डर खाली वाकला आणि चेंडू त्याच्या हातातून निसटून दोन पावलं मागे घरंगळला. धाव होती. आंधळ्यालाही दिसावी अशी धाव होती. पाहुणा दोन पावलं पुढे आला आणि थांबला. "बोल की!" तो ओरडला. जवळजवळने तोंड उघडलं. मोठ्ठं उघडलं. त्यातून काही बाहेर आलं नाही. पाय जमिनीत रोवल्यासारखे.

वहिनी उभी राहिली. रुमाल कुठे पडला तिला कळलं नाही. ‘अहो’ म्हणायची सोय नव्हती. म्हटलं तर वचन मोडणार, आणि मोडूनही उपयोग शून्य, कारण पाहुण्याला त्याच शब्दावर न पळण्याचं सक्त शिक्षण मिळालेलं. उरलं काय? फिल्डर चेंडूकडे वळला होता. तिच्या पोटातून, जिथून लाँड्रीच्या हाका निघायच्या तिथूनच, काहीतरी वर आलं आणि तिने त्याला नावाने हाक मारली. अख्ख्या नावाने, सोमवारी मारायची तशी. आणि पुढे म्हणाली:

"...पळऽऽ!"

काय नाव ते इथे लिहीत नाही. ते तिचं तिच्यापाशी. पण मैदानात असं एक माणूस नसेल ज्याने ते ऐकलं नाही. रस्त्यापलीकडे म्हणे दोघे जण उगाचच पळाले.

जवळजवळ जो उडाला तो विंचू चावल्यासारखा. सतरा वर्षांत ते नाव त्या आवाजात त्याच्या कानावर पडलं नव्हतं. आपण खेळपट्टीवर आहोत की लाँड्रीच्या दाराबाहेर, हे त्याला कळलं की नाही देव जाणे. पँट तयार झाली असावी अशा ओढीने तो पळत सुटला. तो येताना बघून पाहुणाही पळाला. चेंडू सुटला. जवळजवळने बॅट पुढे धरून झेप घेतली, छाती खेळपट्टीवरून घासत गेली, धूळ उडाली, यष्ट्या उडाल्या, आणि सगळं मैदान अंपायरकडे वळलं.

अंपायर वाकला होता. तो सावकाश सरळ झाला. मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

नाबाद.

नंतरचा गलका काय सांगावा! खोलीतले सगळे दोरीच्या आत आले, एक जण तर पायाला एकच पॅड बांधून. समोरच्या संघाचा यष्टिरक्षक अंपायरपाशी धावला. "बाहेरून हाक मारली त्या बाईंनी! असं कसं चालेल?"

"हो म्हणाल्या का?" अंपायरने विचारलं.

"नाही, पण..."

"स्वतःच्या नवऱ्याला नावाने हाक मारू नये असा आमच्या पुस्तकात नियम नाही."

"आमच्या घरात आहे!" स्टँडमधून सासूबाई कडाडल्या. मग सुनेकडे वळून, हळू आवाजात पण ठसक्यात, "नाव घेतलंस ते घेतलंस. वर ‘पळ’? ‘पळा’ म्हणायला काय झालं होतं?"

"काना जोडायला वेळ नव्हता, सासूबाई."

सासूबाईंनी तिच्याकडे रोखून बघितलं. मग त्यांचं हसू असं फुटलं की शेजारच्या माणसाने त्यांना पाणी दिलं. "त्याचे वडील हवे होते आज," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "एकही काच फुटली नाही गं!"

पुढच्या चेंडूवर पाहुण्याने आनंदाच्या भरात अशी बॅट फिरवली की तिन्ही यष्ट्या गेल्या, आणि बाद झाल्यावर तो नाचत नाचत परत आला. डाव संपला, आणि त्याबरोबर त्या दिवसाचा खेळही. जवळजवळ शंभर नाबाद. ‘जवळजवळ’ आणि ‘शंभर’ हे दोन शब्द स्कोअररने बोलता बोलता शेजारी ठेवले आणि त्याचं त्यालाच हसू आलं.

जवळजवळला बॅट वर करायचीही आठवण राहिली नाही. छातीवर माती, कोपरातून रक्त, आणि मान स्टँडकडे. दोरीपाशी कॅप्टन उभा होता. म्हणाला, "या वेळी हो कोण म्हणालं?"

"कुणीच नाही," तो म्हणाला. आवाज आला होता. खणखणीत.

वहिनी तोवर स्टँडमधून नाहीशी झाली होती. एक तर ‘लगेच येते’ची पाटी लावून तिला अडीच तास झाले होते. दुसरं म्हणजे तिला देवाशी दोन शब्द बोलायचे होते. लाँड्रीच्या मागच्या दाराशी, वाफेच्या नळाजवळ उभं राहून तिने हात जोडले. "मी ‘अहो’ म्हणाले नाही," ती म्हणाली. "तू ऐकलंसच. जे म्हणाले त्याचं मी काही बोलले नव्हते." आणि ती काउंटरवर येऊन बसली.

थोड्या वेळाने दारात सावली पडली. मळलेला शर्ट अंगावरच होता. तो गिऱ्हाइकासारखा काउंटरसमोर येऊन उभा राहिला. आत मशिनं धडधडत होती. शर्ट काढून त्याने तिच्यापुढे ठेवला. खाली बनियन, आणि बनियनलाही माती.

तिने डाग बघितला. छाती माखलेली, पण कोपर सोललेलं. "वाचलात ना?" ती म्हणाली.

"वाचलो." तो जरा थांबला. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "पुन्हा एकदा म्हण की."

"काय?"

"ते. मैदानात म्हणालीस ते."

वहिनीने चिठ्ठी घेतली, पेनचं टोपण काढलं, ‘ह्यांचे’ असं लिहिलं आणि शर्टाला टाचलं. धुलाईवाला मान लांब करून बघत होता. ती म्हणाली, "अहो, आता नाही. बुधवारी या. कपडे तयार झाले की पुकारीन."

बुधवारी तो अर्धा तास आधी आला. आणि आत गेला नाही. दाराबाहेरच उभा राहिला.